ऑर्डर मेव्हण्याच्या फर्मकडे वळल्या. आता पोलिसांत जायचं की ट्रायब्युनलमध्ये?

प्रश्न थोडक्यात असा. भोसरी एमआयडीसीत शीट मेटलचे पार्ट बनवणारी १४ वर्षं जुनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. विचारणाऱ्यांकडे ४० टक्के शेअर्स, मित्राकडे ३५ आणि मित्राच्या बायकोकडे २५. डायरेक्टर दोघंच. विचारणारे शॉप फ्लोअर, म्हणजे उत्पादन, बघतात, मित्र मार्केटिंग. गेल्या वर्षभरात दोन जुन्या ग्राहकांच्या ऑर्डर आटत गेल्या, आणि मग कळलं की तेच पार्ट चाकणच्या एका नव्या फर्ममधून जातायत. फर्म मित्राच्या मेव्हण्याच्या नावावर. कोटेशनं बनवत होता यांच्याच कंपनीचा सेल्स मॅनेजर, यांच्याच ऑफिसात बसून. जाब विचारल्यावर मित्र म्हणाला, ‘त्या रेटला आपल्याला परवडलंच नसतं. आणि ६० टक्के आमच्याकडे आहेत, ठराव करून टाकतो, मग बोल.’ आता यांचे प्रश्न तीन: पोलिसांत जाऊ का, सेल्स मॅनेजरला उद्याच काढू का, आणि मीही माझी वेगळी फर्म काढून उरलेले ग्राहक घेऊन गेलो तर काय बिघडलं?

मी कंपनी सेक्रेटरी आहे. २२ वर्षं प्रॅक्टिस करते, त्यातली बरीचशी पिंपरी-चिंचवडच्या अशाच दोन-तीन मित्रांनी किंवा भावांनी मिळून काढलेल्या कंपन्यांमध्ये गेली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे: असं करू नका. मनातही आणू नका, आणि कुणाला व्हॉट्सॲपवर तसं लिहिलं असेल तर निदान यापुढे लिहू नका. तुम्हीही डायरेक्टर आहात. मित्राने जे कर्तव्य मोडलंय तेच तुमच्यावरही आहे, आणि त्याने आधी मोडलं म्हणून तुम्हाला मोकळीक मिळत नाही. उलट तुम्ही फर्म काढलीत की त्याच्या वकिलाला उत्तर शोधायची गरजच उरणार नाही. ‘दोघांनीही आपापलं नेलं, आता भांडताहेत,’ एवढं एक वाक्य त्याला पुरेल.

आता खरा प्रश्न. तुमच्या मेलमध्ये ‘माझं नुकसान’, ‘माझी फसवणूक’, ‘मला अंधारात ठेवलं’ हे शब्द पुन्हा पुन्हा आलेत. भावना समजते. १४ वर्षं एका डब्यातून जेवलेला माणूस असं वागला तर आणखी काय लिहिणार? पण कायद्याच्या दृष्टीने मित्राने विश्वासघात केला तो कंपनीचा, तुमचा नव्हे. डायरेक्टरची जी फिड्युशियरी ड्युटी असते, म्हणजे विश्वस्तासारखं वागायची जबाबदारी, ती कंपनीप्रति असते. एकेका शेअरहोल्डरप्रति ती सर्वसाधारणपणे नसते. बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या कंपन्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, त्या २००५ च्या निकालात हे स्पष्ट झालंय. हा फरक केवळ पुस्तकी नाही. ‘माझे अमुक लाख बुडाले’ अशी मांडणी केलीत तर पहिल्याच तारखेला विचारतील, तुमचे कसे? ऑर्डर तुमच्या नावावर होत्या का? ‘कंपनीची ऑर्डर बाहेर गेली, त्यावर झालेला नफा कंपनीत परत आणा’ अशी मांडणी केलीत तर उत्तर समोरच्याला द्यावं लागतं.

२०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १६६ शांतपणे वाचा. १९५६ च्या जुन्या कायद्यात डायरेक्टरची कर्तव्यं अशी एका जागी लिहिलेलीच नव्हती, ती निकालांमधून गोळा करावी लागत. आता पोटकलम ४ म्हणतं की कंपनीच्या हिताशी टक्कर होईल किंवा होऊ शकेल अशा स्थितीत डायरेक्टरने जायचं नाही. पोटकलम ५ म्हणतं की स्वतःसाठी, नातेवाइकांसाठी, भागीदारांसाठी किंवा सहयोगींसाठी गैरवाजवी फायदा मिळवायचा नाही, आणि मिळवला असं ठरलं तर तेवढी रक्कम कंपनीला भरायची. वर पोटकलम ७ खाली १ लाख ते ५ लाखांपर्यंत दंड. दंडाचं सोडा, तो सरकारजमा होतो. जीव आहे तो ‘तेवढी रक्कम कंपनीला’ या शब्दांत. कंपनीचं किती नुकसान झालं ते सिद्ध करायचा भार इथे पहिला नाही. त्याला किती मिळालं, हा पहिला प्रश्न. भारतीय विश्वस्त कायदा १८८२ चा आहे, त्याच्या कलम ८८ मध्येही ‘कंपनीचा डायरेक्टर’ हे शब्द आहेत: अशा पदावरच्या माणसाने पदाचा वापर करून स्वतःसाठी लाभ मिळवला तर तो ज्याच्यासाठी काम करतो त्याच्याकरता धरून ठेवलाय असं मानायचं. १४० वर्षांहून जुनं कलम आहे आणि आजही कामाला येतं.

म्हणूनच ‘आपल्याला परवडलंच नसतं’ हा मित्राचा बचाव ऐकायला जेवढा वजनदार वाटतो तेवढा नाही. इंग्लंडमध्ये १९४२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, रीगल (हेस्टिंग्ज) कंपनीचा खटला ठरवला. सिनेमागृह चालवणाऱ्या कंपनीला आणखी दोन सिनेमागृहं भाड्याने घ्यायची होती, त्यासाठी उपकंपनी काढली, पण तिच्यात सगळे पैसे घालायची ऐपत नव्हती. उरलेले शेअर्स डायरेक्टरांनी स्वतःच्या पैशाने घेतले आणि पुढे विकून नफा कमावला. लबाडी नव्हती, लपवाछपवी नव्हती, कंपनीचं उलट भलंच झालं होतं. तरी डायरेक्टरांना नफा परत करावा लागला, कारण ती संधी त्यांना डायरेक्टर म्हणून मिळाली होती. १९७२ चा कूलीचा खटला तर तुमच्या जास्त जवळचा. एका कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर, पेशाने आर्किटेक्ट. गॅस बोर्डाचं काम त्याला व्यक्तिशः मिळणार असं कळताच त्याने तब्येतीचं कारण सांगून नोकरी सोडली आणि ते काम स्वतः घेतलं. कंपनीला ते काम मिळण्याची शक्यता जेमतेम १० टक्के होती, हे कोर्टानेही मान्य केलं. तरी सगळा नफा कंपनीला द्यायला लावला. हे परदेशी निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण डायरेक्टरांच्या जबाबदारीवर वाद झाला की दोन्हीकडचे वकील हेच उघडून बसतात.

आणि ‘साठ टक्के आमच्याकडे आहेत, ठराव करून टाकतो’ याला तर शंभर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय. कॅनडात टोरोंटोची एक बांधकाम कंपनी, चार डायरेक्टर, चौघांचा समान हिस्सा. रेल्वेच्या कामाची बोलणी तिघांनी कंपनीच्या नावानेच केली आणि कंत्राट ऐनवेळी स्वतःच्या नावावर घेतलं. मग सर्वसाधारण सभा बोलावून तिघांच्या बहुमताने ठराव केला की या कंत्राटाशी कंपनीचा संबंध नाही. १९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, सांगितलं की कंपनीच्या मालकीची गोष्ट बहुमताने स्वतःलाच बक्षीस देता येत नाही. कुक विरुद्ध डीक्स असं नाव आहे. वकिलाला एवढं नाव सांगितलंत तरी त्याला पुढचं कळेल.

पण एक फट आहे आणि ती आधीच तपासून घ्या. कॅनडाच्याच सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा पेसो सिल्व्हर माइन्सचा निकाल आहे. तिथे खाणीचे हक्क घ्यायचा प्रस्ताव बोर्डासमोर रीतसर आला, बोर्डाने प्रामाणिकपणे नाकारला, आणि नंतर एका डायरेक्टरला वेगळ्या वाटेने तोच व्यवहार मिळाला. तो सुटला. म्हणून तुमच्यासाठी निर्णायक गोष्ट ही: या दोन ग्राहकांचे रेट कधी तुमच्यासमोर आले होते का? ‘या भावात नको, सोडून दे’ असं तुम्ही मीटिंगमध्ये, मेलवर, किंवा चहाच्या टपरीवर व्हॉइस नोटमध्ये म्हणाला होतात का? म्हणाला असाल तर लपवू नका, वकिलाला पहिल्या दिवशी सांगा. ‘नको’ म्हणणं आणि ‘तू घे’ म्हणणं यात अंतर आहे, पण ते समजावून सांगायला वेळ लागतो. दुसरं, तुम्हाला नेमकं कधी कळलं? कळूनही आठ महिने गप्प बसला असाल, मधल्या काळात ताळेबंदावर सही केली असेल, तर मूक संमतीचा मुद्दा येणार. या प्रश्नांची उत्तरं मला माहीत नाहीत, आणि उत्तर बदललं तर माझा सल्लाही थोडा बदलेल.

आता एक चूक सांगते जी मी निदान दहा याचिकांमध्ये पाहिली असेल. लोक ‘संबंधित पक्षाशी व्यवहार’ म्हणून कलम १८८ वर सगळा भार टाकतात. मेव्हणा म्हणजे नातेवाईक, झालं काम! तर दोन अडचणी. पहिली, कंपनी कायद्याच्या कलम २(७७) आणि त्याखालच्या नियमात ‘नातेवाईक’ कोण याची यादी आहे: नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र कुटुंबाचे सदस्य. बायकोचा भाऊ त्यात नाही. आपल्या समाजात मेव्हण्याचा मान काय असतो ते सांगायला नको, पण कायद्याने त्याला पंगतीत घेतलेलं नाही. दुसरी अडचण जास्त मोठी. कलम १८८ ला कंपनी आणि संबंधित पक्ष यांच्यात करार लागतो. इथे करारच नाही. ग्राहकाने थेट चाकणला ऑर्डर दिली. कंपनीने त्या फर्मला पत्रा विकला असेल, प्रेस वापरायला दिला असेल, जॉबवर्क दिलं असेल, तर त्या तेवढ्या व्यवहारापुरता कलम १८४ (डायरेक्टरने आपला हितसंबंध उघड करायचं) आणि १८८ चा विचार करता येईल. एरवी मुख्य खांब १६६ च. त्यात ‘सहयोगी’ हा शब्द आहे, आणि त्या फर्मचे पैसे फिरून मित्राच्या किंवा त्याच्या बायकोच्या खात्यात येत असतील तर मेव्हण्याचं नातं सिद्ध करायचीही गरज नाही.

पुरावा कुठे मिळतो? बहुतेक तुमच्याच आवारात. एका प्रकरणाची गोष्ट सांगते, कंपनीचं नाव अर्थातच नाही. नाशिकच्या एका ग्राहकाने ऑर्डर बंद करून आठ महिने झाले होते. मार्केटिंग बघणारे डायरेक्टर म्हणत, मंदी आहे. मी आणि दुसरे डायरेक्टर दोन दिवस कागद चाळत बसलो, काही हाती लागेना. शेवटी सहज म्हणून कंपनीच्या टेम्पोचं फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं. दर गुरुवारी रात्री टेम्पो पुणे-नाशिक रस्त्यावरच्या टोलवर, शुक्रवारी पहाटे परत. आठ महिने, एकही गुरुवार चुकलेला नाही. मग गेटवरचं रजिस्टर काढलं. गुरुवारी संध्याकाळी त्याच टेम्पोची नोंद, माल या रकान्यात प्रत्येक वेळी ‘रिकामी’. रिकामी गाडी आठ महिने नाशिकला कशाला जाईल? डिझेल कंपनीचं, ड्रायव्हर कंपनीचा, माल दुसऱ्याचा. त्यानंतर नव्या फर्मचं एक कोटेशन मिळालं. लेटरहेड वेगळं, पण ‘टॉलरन्स’चं इंग्रजी स्पेलिंग आमच्या नमुन्यात जसं चुकलेलं होतं तसंच तिथेही. ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे कंपनी कायद्याच्या न्यायाधिकरणात, लांबलचक कायदेशीर युक्तिवादापेक्षा या तीन कागदांनी जास्त काम केलं.

तुम्ही काय बघाल? जीएसटी पोर्टलवर त्या फर्मचा नंबर टाका. कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि धंद्याचा पत्ता कुणालाही दिसतो. नोंदणीची तारीख तुमच्या ऑर्डर घटायला लागल्या त्याच्या आगेमागे असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. ग्राहकाच्या मालकीचे डाय आणि फिक्स्चर तुमच्याकडे होते ना? ते कधी, कुणाच्या चलनावर, कुणाच्या सहीने बाहेर गेले ते शोधा. शीट मेटलमध्ये डाय हलल्याशिवाय ऑर्डर हलत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. टॅलीत एडिट लॉग असतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं आहे ज्यात कुणी कुठली नोंद कधी बदलली ते राहतं आणि बंद करता येत नाही. जुनी चलनं ‘दुरुस्त’ झाली असतील तर तिथे दिसेल.

आणि हे सगळं डायरेक्टर आहात तोवरच करा. कलम १२८ नुसार कामाच्या वेळेत कंपनीची हिशेबाची पुस्तकं तपासायचा हक्क प्रत्येक डायरेक्टरला आहे. नुसत्या शेअरहोल्डरला तो नाही; त्याला सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि काही रजिस्टरं बघता येतात, बोर्डाची मिनिट्स नाहीत. मित्राकडे आणि त्याच्या बायकोकडे मिळून ६० टक्के आहेत, म्हणजे विशेष नोटीस देऊन कलम १६९ खाली साध्या बहुमताने ते तुम्हाला डायरेक्टरपदावरून काढू शकतात. तुम्ही त्याला काढू शकत नाही, हे कटू असलं तरी खरं. आणि नुसतं पदावरून काढलं एवढ्यानेच तो ‘छळ’ ठरत नाही, हे टाटा-मिस्त्री वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय. तेव्हा आजच अकाउंटंटला आणि मित्राला एक साधा मेल टाका: ‘डायरेक्टर या नात्याने कलम १२८(३) खाली मी सोमवारी सकाळी ११ वाजता विक्री, डिस्पॅच आणि जॉबवर्कची पुस्तकं तपासायला येतोय. कृपया उपलब्ध ठेवावीत.’ बाकी काही नाही. आरोप नाही, टोमणा नाही, ‘मला सगळं कळलंय’ तर मुळीच नाही. नकार आला तरी तो मेलवर येईल, आणि तो नकारही पुराव्यातच जमा.

एक गोष्ट मात्र करू नका. सेल्स मॅनेजरचा लॅपटॉप कंपनीचा आहे, पण त्यावर त्याचा खासगी जीमेल उघडा सापडला म्हणून आत शिरू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ तुमच्यावरच उलटतील. तीन वर्षांपर्यंत कैद आहे तिथे. लॅपटॉप सील करून, साक्षीदारांसमोर फॉरेन्सिकवाल्याकडून इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, घ्या, आणि तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे नंतर काही बदललं तर लगेच कळेल असा आकडा, लिहून घ्या. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅशचा रकाना आहे. नंतर धावपळ करून ते जमत नाही.

आता सेल्स मॅनेजर. त्याला उद्या काढू नका. कर्मचारी डायरेक्टरसारखा फिड्युशियरी असतोच असं नाही. त्याचं पद, अधिकार आणि त्याच्यावर टाकलेला विश्वास यावर ते ठरतं. पण नोकरीत असेपर्यंत मालकाशी इमान राखायची जबाबदारी प्रत्येकावर असते, आणि पगार तुमचा घेऊन कोटेशन दुसऱ्याचं करणं त्यात उघडउघड बसत नाही. तरी बघा, त्याला सांगणारा कोण होता? कंपनीचाच डायरेक्टर. ‘साहेबांनी सांगितलं, मी केलं’ हे वाक्य त्याची पूर्ण सुटका करणार नाही, पण तुमच्यासाठी ते सोन्याचं आहे. तो तुमचा साक्षीदार होऊ शकतो. रागाने काढलात तर सोमवारी सकाळी चाकणला कामावर हजर होईल आणि मग कधीच बोलणार नाही. लेखी विचारणा करा, उत्तराला वेळ द्या, रीतसर चौकशी करा.

त्याच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ असं कलम असेलच, इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रत्येक लेटरमध्ये असतं. त्यावर विसंबू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला त्याच्या मार्केटिंग एजन्सीने कराराची मुदत संपल्यानंतरच्या एका अटीवरून अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. पण नोकरी चालू असतानाची किंवा ठरलेल्या मुदतीतली बंदी वेगळी. १९६७ चा गोलिकरी यांचा निकाल कल्याणच्या सेंच्युरीच्या प्लांटमधला आहे. पाच वर्षांचा करार, टायर कॉर्डच्या तंत्राचं प्रशिक्षण, आणि मध्येच नोकरी सोडून कोट्याच्या दुसऱ्या रेयॉन कंपनीत. सर्वोच्च न्यायालयाने मनाई कायम ठेवली. तुमच्या प्रकरणात ‘तो पुढे कुठे जाईल’ यापेक्षा ‘इथे बसून त्याने काय केलं’ आणि ‘कुठली ड्रॉइंग्ज, कुठल्या कॉस्टिंग शीट्स नेल्या’ यावर भर द्या. गोपनीय माहिती आणि ड्रॉइंगवरचा हक्क कलम २७ च्या तडाख्यातून वाचतो.

पोलिसांचं काय? जाता येतं, पण आधी नको. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते. विश्वासघाताचं कलम ३१६, फसवणुकीचं ३१८. विश्वासघाताला ‘सोपवलेली मालमत्ता’ लागते. वळवलेली ऑर्डर त्यात बसवणं जड जातं. कंपनीचा पत्रा, डाय, पैसे नेले असतील तर बसतं. डायरेक्टरही या कलमाच्या कचाट्यात येतो, हे १९६२ च्या दालमिया खटल्यात ठरलं. भारत इन्शुरन्स कंपनीचे पैसे सट्ट्यातला तोटा भरायला वापरल्याचं ते प्रकरण. पण नुसत्या ऑर्डरींचा कागद घेऊन गेलात तर पोलीस ठाण्यात ‘हे सिव्हिल मॅटर आहे’ हे वाक्य चहाबरोबर मिळेल. आणि कंपनी कायद्याचं कलम ४४७, फसवणुकीचं, सहा महिने ते दहा वर्षं शिक्षेचं? त्याची थेट खासगी तक्रार विशेष न्यायालय घेत नाही, ती एसएफआयओचा, म्हणजे केंद्राच्या गंभीर फसवणूक तपास कार्यालयाचा, संचालक किंवा केंद्र सरकारने अधिकार दिलेला अधिकारी यांनीच करायची असते. आकुर्डीच्या आरओसी (कंपनी निबंधक) ऑफिसात तक्रार अर्ज देता येतो, द्या हवा तर, पण त्याच्यावर मदार ठेवू नका.

माझ्या मते मुख्य रस्ता कलम २४१-२४२ चा, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणासमोर. पुण्याच्या कंपन्यांसाठी ते मुंबई खंडपीठ. एकदशांश शेअर्स असले की याचिका करता येते, तुमच्याकडे ४० टक्के आहेत. कंपनीच्या नावाने दावा लावायला बोर्ड लागेल, आणि बोर्ड म्हणजे तुम्ही दोघंच. तो मीटिंगला आलाच नाही तर कोरम, म्हणजे किमान हजेरी, होत नाही. शेअरहोल्डरने कंपनीच्या वतीने दिवाणी दावा लावायची वाटही आहे. कोचिंग क्लास चालवणाऱ्या एका कंपनीतल्या डायरेक्टरने स्वतःचे क्लास काढले, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मान्य केली. पण कलम ४३० न्यायाधिकरणाच्या विषयांत दिवाणी कोर्टाला मनाई करतं, त्यामुळे अधिकारक्षेत्रावरच वाद घालत बसावं लागतं. न्यायाधिकरण कलम २४२ खाली डायरेक्टरने मिळवलेला गैरवाजवी फायदा वसूल करू शकतं, डायरेक्टरला हटवू शकतं, एका गटाचे शेअर्स दुसऱ्याला विकत घ्यायला सांगू शकतं. अंतरिम आदेशही मिळतो. तो मागताना निदान एवढं मागा: तुम्हाला पदावरून काढू नये, शेअर भांडवलात बदल करू नये, आणि त्या दोन ग्राहकांच्या ऑर्डर कंपनीबाहेर वळवू नयेत.

भांडवलाचं का म्हणाले? कारण तुमची याचिका येणार असा वास लागला की पहिली खेळी बहुतेक नव्या शेअर्सची असते. ४० चे २२ टक्के करून टाकायचे. केवळ ताबा मिळवण्यासाठी डायरेक्टरने स्वतःलाच शेअर्स देणं हा विश्वासघात आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात सांगून असं वाटप रद्द केलं होतं. पण रद्द होईपर्यंतचा काळ तुम्ही काढायचा असतो. राइट्स इश्यूची, म्हणजे आहे त्या शेअरहोल्डरांना हिश्शाप्रमाणे नवे शेअर्स देऊ करण्याची, नोटीस आली तर ती फाडून फेकू नका. मुदत थोड्या दिवसांची असते, निषेध नोंदवून तुमच्या वाट्याचे पैसे भरायची तयारी ठेवा. आणि दर आठवड्याला एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर कंपनीचा डेटा बघा. बोर्ड मीटिंगची नोटीस तुम्हाला पाठवायचीच नाही, रजिस्टरमध्ये तुमची गैरहजेरी मांडायची, आणि १२ महिने झाले की कलम १६७ खाली तुमचं पद आपोआप गेलं असा फॉर्म भरायचा, हा प्रकार मी तीनदा पाहिलाय. पत्ता आणि ई-मेल कंपनीच्या रेकॉर्डवर बरोबर आहेत ना, तेही पाहून घ्या.

अशी प्रकरणं शेवटपर्यंत क्वचितच लढली जातात. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक शेअर्सच्या खरेदी-विक्रीवर मिटली. म्हणून विश्वासघाताचा पुरावा सगळ्यात जास्त कुठे उपयोगी पडत असेल तर मूल्यांकनात. मित्र म्हणेल, घे तुझे ४० टक्के आजच्या ताळेबंदावरून. आजच्या ताळेबंदात दोन मोठे ग्राहक नाहीत, कारण ते त्यानेच नेलेत. तुम्ही म्हणायचं की मूल्यांकनाची तारीख वळवावळवीच्या आधीची धरा, किंवा चाकणच्या फर्मचा तेवढा नफा कंपनीचा समजून त्यात मिळवा. या एका मुद्द्यावर रक्कम दुप्पट झालेली मी पाहिली आहे. म्हणून प्रत्येक ग्राहकाची मागच्या पाच वर्षांची महिन्यावार विक्री काढून ठेवा. वकिलाकडे जाताना हा एक तक्ता आणि तारखांची एक यादी नेलीत तर त्याची पहिली दोन तासांची फी वाचते.

मुदतीचं विसरू नका. कलम ४३३ मुळे न्यायाधिकरणालाही मुदतीचा कायदा लागू आहे, साधारण तीन वर्षं. लपवून केलेल्या गोष्टीत ती कळल्यापासून मोजायचा मुद्दा मांडता येतो, पण ‘अजून वेळ आहे’ म्हणून बसू नका, कारण आटत गेलेल्या कंपनीत शेवटी भांडायला काही उरत नाही.

आणि त्या गेट रजिस्टरचं सोमवारपर्यंत थांबू नका. सिक्युरिटी एजन्सीवाले जुनी रजिस्टरं भरली की कपाटावर टाकतात आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत देतात. उद्या सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जाऊन मागच्या १८ महिन्यांची सगळी रजिस्टरं ताब्यात घ्या, पानं मोजा, आणि पोचपावतीवर सुपरवायझरची सही घ्या.